डबल बेल

आमच्या सरांना नारायणगावची एसटी किती वाजता, असं कधी विचारू नये. जुन्नर स्टँडवर एका पाहुण्याने ती चूक केली. सर म्हणाले, "गाडीचं सांगतो, पण या वाटा मुळात सातवाहनांच्या." पाहुण्यादेखत दोन गाड्या सुटल्या. तिसरीत तो घुसला तेव्हा सर खिडकीखालून त्याला यज्ञश्री सातकर्णी समजावत होते.

तीस वर्षं सर नाणेघाट चढतायत. घाटातलं प्रत्येक टाकं त्यांच्या ओळखीचं. मी त्यांचा जुना विद्यार्थी, आता त्यांच्याच कॉलेजात मास्तर. म्हणून पुण्याच्या चर्चासत्राचं पत्र आलं तेव्हा पहिली हाक मला. पत्रात लिहिलं होतं: शोधनिबंधास दहा मिनिटे. आठव्या मिनिटाला एक घंटा, दहाव्याला दोन.

"दहा?" सर म्हणाले. "शून्य राहिलं असेल एखादं."

विषय होता 'नाणेघाटातील पाण्याची टाकी आणि जकात'. पहिली तालीम स्वयंपाकघराच्या दारात झाली. माझ्या हातात मोबाइल, काकूंच्या गॅसवर कुकर. सरांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली, "साडेसहा कोटी वर्षांपूर्वी..."

"सर, लाव्हा कशाला?"

"खडकच नसता तर टाकी कशात खोदली असती?"

याला उत्तर नाही. सरांची सगळी अडचण हीच. त्यांच्या प्रत्येक फाट्याला बिनतोड कारण असतं. लाव्हा थंड होऊन सातवाहन गादीवर बसेपर्यंत चौदा मिनिटं गेली. साडेसहा कोटी वर्षांच्या मानाने वेग वाईट नव्हता. मग घाटातल्या लेण्यातला नागनिका राणीचा लेख आला. तिचे यज्ञ, त्यातल्या गाई, हत्ती, घोडे, कार्षापण. गाईंचे आकडे तरी गाळा म्हटलं, तर सर दुखावले. "राणीने दान दिलंय. कापणारे आपण कोण?"

सत्तेचाळीस मिनिटं झाली. काकू म्हणाल्या, "अहो, माझं वरण तीन शिट्ट्यांत शिजलं. तुम्ही अजून घाटच चढताय."

मी धीर करून म्हटलं, "सर, त्याच लेण्यात मागच्या भिंतीवर बघा ना. राजघराण्याच्या आठ मूर्ती, वर प्रत्येकाचं नुसतं नाव. मूर्ती गेल्या, जेमतेम पाय उरले. नावं मात्र वाचता येतात. थोडक्यात लिहिलेलं टिकतं."

सरांचा चेहरा उजळला. "उत्तम मुद्दा!" म्हणाले, आणि त्यावर दोन स्लाइडी वाढवल्या.

स्लाइडी झाल्या साठ. पुढे पंधरा दिवस काटछाट चालली. अक्षर बारीक करून चार स्लाइडींचा मजकूर एकीत बसवला. साठाच्या पंधरा झाल्या आणि सरांना वाटलं, तीन चतुर्थांश काम उरकलं. मग बोलण्याचा वेग वाढवला. शेजारच्या आजी विचारून गेल्या, घरात कसलं पारायण आहे? उसाच्या बांधावर फिरत पाठ करायचं ठरलं, पण दिवस मावळल्यावर आमच्याकडे बांधावर बिबट्याचा हक्क. त्यामुळे तालीम गच्चीवर. शेवटी वेळ बसेना, तेव्हा सरांनी निष्कर्षच काढून टाकला. "निष्कर्ष ऐकणाऱ्यांनी काढायचा असतो."

आमच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला तीस प्रचंड तबकड्या आहेत, एकेक पंचेचाळीस मीटर व्यासाची. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी त्या टिपतात. पण सरांचा निष्कर्ष त्यांनाही सापडला नसता.

चर्चासत्राच्या दिवशी पहाटेची एसटी धरली. नारायणगावला सुरू केलेली प्रस्तावना मंचर गेलं तरी संपेना. खेडच्या पुढे मी डोळे मिटून घेतले.

सभागृहात मात्र सर शांत होते. लाव्हा निम्म्याने कमी केला होता. आठव्या मिनिटाला घंटा वाजली, टण्. सर तिथल्या तिथे थांबले. पाणी प्यायले, चष्मा पुसला, समोर बघत उभे राहिले. दीड मिनिट गेलं. अध्यक्षांना काही कळेना. आम्हालाही.

मग दोन घंटा वाजल्या, टण् टण्. आणि सर सुटले!

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तीस वर्षं एसटीने फिरलेला माणूस. एक बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे चला. अध्यक्ष जितक्या जोराने डबल बेल मारत, तितके सर वेग वाढवत. गाई गेल्या, हत्ती गेले, घोडे उधळले. अखेर अध्यक्षांनी उठून माइक ओढून घेतला, तेव्हा राणीचं दान बरंचसं वाटून झालं होतं. टाक्यांचं तोंडही दिसलं नव्हतं.

परतीच्या गाडीत सर गप्प. कंडक्टर आमच्याकडचाच. त्याने तिकिटाच्या मशिनवर बटणं दाबत विचारलं, "काय सर, काय वाचलं आज?"

"काही नाही रे. घाट चढून आलेला माणूस आणि बैल पाण्यापाशी थांबणारच. तो थांबला की जकात मागायची. म्हणून माझं म्हणणं, जिथं पाणी तिथं नाका."

तिकीट बाहेर आलं. कंडक्टर म्हणाला, "मग एवढंच सांगायचं होतं की, सर!"

सर त्याच्याकडे बघतच राहिले.

"अरे, आणि उरलेली साडेनऊ मिनिटं काय करायचं होतं?"