भाऊंची दुबई

वऱ्हाडात परदेशवारी दोनच कारणांनी घडते. एकतर पोरगं तिकडे नोकरीला असतं, नाहीतर खताबियाण्याचं टार्गेट पूर्ण होतं. वलगावचे भाऊ दुसऱ्या जातीचे. परतवाडा रोडवर त्यांचं कृषी केंद्र. पऱ्हाटीच्या बियाण्याची पाकिटं उधारीत वाटता वाटता स्कीममध्ये नवराबायकोची दुबई लागली. भाऊंचा डोळा खरं तर मोटारसायकलवर होता. "दुबई राहू द्या, गाडी द्या," असं त्यांनी म्हणूनही पाहिलं.

टूर दिवाळीनंतरची, म्हणून वहिनींनी डबाभर अनारसे घेतले. आदल्या रात्री पुतण्यानं बातमी आणली की अमिरातीत खसखस न्यायला बंदी आहे, अमली पदार्थात धरतात! घरात सुतकच पडलं. अनारसे सोडायला वहिनी तयार नाहीत, तुरुंगात जायला भाऊ तयार नाहीत. शेवटी सगळं घर परातीभोवती बसून सुईनं खसखस टिपू लागलं. "बिनखसखशीचा अनारसा असते काय जी?" वहिनी पुटपुटत होत्या.

एवढं करूनही नागपूरच्या विमानतळावर भाऊंचा धीर सुटला. एखादा दाणा राहिला असला तर? दोघांनी बाकावर बसून डबा संपवला.

दुबईत 828 मीटरच्या बुर्ज खलिफासमोर सगळे माना वर करून फोटो काढत होते. भाऊ गाइडच्या मागे. "इथं पेयाचं पाणी कोठून येते जी?" समुद्राचं पाणी गोडं करून पितात म्हटल्यावर त्यांनी बुर्जकडे पाठच फिरवली. अर्धी गिऱ्हाइकं पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातली. दर्यापूर-भातकुलीकडे बोअर मारावा तर खारं पाणी. "एकराले काय खर्च येईन?" गाइडनं त्यांना घाईघाईनं उंटावर बसवलं.

रस्ते पाहून मात्र भाऊ हळहळले. 20 डिसेंबर 1956 ला गाडगेबाबांनी वलगावला, पेढीच्या काठी देह ठेवला, हे ते गिऱ्हाइकालाही सांगतात. "बाबा गेले आपल्या गावात," ते वहिनींना म्हणाले, "अन् झाडू लागला इथं!"

परत आल्यावर भाऊ वही घेऊन वसुलीला निघाले. पहिल्याच ओट्यावर चहा मिळाला आणि वर हिशेबही: "भाऊ, आमच्या पाकिटांवर दुबई तुमी पाह्यली. मंग आमाले पैसे कायचे मांगता?"