स्वस्तातले खून

रत्नागिरीत भुताला मान आहे. मुंज्याला पिंपळ दिलेला, राखणदाराचा वर्षाचा नारळ ठरलेला, आणि देवचाराची वाट कुठून जाते हे घराचा चौथरा घालण्याआधी जाणत्यांना विचारून घ्यायची पद्धत. पण तोंडावर मुखवटा चढवून, हातात सुरा घेऊन कॉलेजची पोरं एकेक करून कापत सुटणाऱ्या माणसाला इथे कुणी विचारत नाही. सदर इसमाचं दुःख ते हे.

सदर इसम म्हणजे रत्नागिरी शहरात नोकरी करून राहणारा, रात्री परसात जायचं झालं तर बॅटरी आणि बायको दोन्ही सोबत नेणारा एक गृहस्थ. (पंचनाम्याची भाषा वापरली, कारण विषयच तसा आहे.) त्याला अशा खुन्यांचे, म्हणजे स्लॅशर पिक्चर आवडतात, आणि त्यातही कमी पैशांत काढलेले. ज्या पिक्चरची शेवटची नामावळी संपता संपत नाही, त्यात भीती कमी आणि पगार जास्त, असं त्याचं ठाम मत आहे.

"काय बघतोस रे? भुताचा पिक्चर?" शेजारच्या काकूंनी एकदा खिडकीतून विचारलं.

"नाही काकू. ह्यात भूत नाही, माणूसच माणसं मारतो."

"मग पेपर वाच की. त्यासाठी वेगळे पैसे कशाला भरतोस?"

पेपरात आणि स्लॅशरमध्ये फरक असा, की पेपरातल्या खुनांना क्रम नसतो. स्लॅशरमध्ये सगळं लग्नाच्या पंगतीसारखं ठरलेलं. आधी जातो तो फाजील विनोद करणारा. मग तळघरात कसला आवाज आला ते बघायला एकटा उतरणारा. मग चोरून भेटणारं जोडपं. पोलीस येतो तो दार ठोठावण्यापुरता, आणि तोही जातो. शेवटी एकच मुलगी उरते, जिला पहिल्यापासून अक्कल असते. ह्या शेवटच्या मुलीवर कॅरल क्लोव्हर नावाच्या अमेरिकन प्राध्यापिकेने १९८७ साली अभ्यासपूर्ण निबंध लिहिला. सदर इसम ही गोष्ट घरात वारंवार सांगतो, म्हणजे आपण बघतोय ते अगदीच वाया गेलेलं नाही असं वातावरण तयार होतं.

त्याचं दैवत म्हणजे जॉन कार्पेंटरचा १९७८ सालचा 'हॅलोविन'. खर्च तीन लाख डॉलर्सच्या थोडा वर, म्हणजे हॉलिवूडच्या मानाने चहापाणी. मुखवट्याला पैसे नव्हते, म्हणून दुकानातून दोन डॉलर्सच्या आतला एक रबरी चेहरा आणला. तो 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनर ह्या नटाचा निघाला. त्याचे डोळे कापून मोठे केले, वर पांढरा रंग फासला, आणि जगातला सगळ्यात भयानक चेहरा तयार झाला. गोष्ट घडते पानगळीच्या दिवसांत, चित्रीकरण झालं कॅलिफोर्नियात वसंत ऋतूत. मग कागदाची पानं रंगवून रस्त्यावर पसरायची, शॉट झाला की गोळा करायची आणि पुढच्या गल्लीत पुन्हा पसरायची. मुखवट्यामागे बहुतेक वेळ निक कॅसल नावाचा दिग्दर्शकाचा मित्र होता, रोज पंचवीस डॉलर्स हजेरीवर. संगीताला माणूस परवडेना, तेव्हा कार्पेंटर स्वतःच पेटीवर बसला. त्याची ती पाच मात्रांची धून आजही वाजली की सदर इसम उठून मागच्या दाराची कडी तपासतो. नायिका जेमी ली कर्टिस ही 'सायको'मध्ये न्हाणीघरात मारल्या गेलेल्या जॅनेट लीची मुलगी. म्हणजे घराणं पाहून सोयरीक केलेली.

पिक्चरने जगभरात सात कोटी डॉलर्स मिळवले. हा आकडा आला की सदर इसमाचा आवाज चढतो आणि बायको टीव्हीचा आवाज वाढवते.

'द टेक्सस चेन सॉ मॅसकर' (१९७४) ह्याहून गरीब. टोबी हूपरला कल्पना सुचली ती सणाच्या दिवसांतल्या तुडुंब गर्दीच्या दुकानात. बाहेर पडायला वाट मिळेना, समोर विकायला मांडलेल्या लाकूड कापायच्या यांत्रिक करवती दिसल्या, आणि मनात आलं की ह्यातली एक चालू केली तर गर्दी आपोआप बाजूला होईल. गणपतीच्या आदल्या दिवशी रत्नागिरीच्या बाजारपेठेत माटवीचं सामान घ्यायला गेलेल्या कुणालाही हा विचार परका वाटणार नाही. चित्रीकरण टेक्ससच्या भर उन्हाळ्यात. खलनायक झालेल्या गनर हॅन्सनकडे कपड्यांचा एकच जोड होता, आणि धुतला तर रंग उतरेल ह्या भीतीने तो शेवटपर्यंत धुतलाच नाही. जेवायच्या वेळी त्याच्या शेजारी कुणी बसेना. पडद्यावर पोरं त्याच्यापासून जिवाच्या आकांताने पळतात, त्यात अभिनय किती आणि वास किती, हे सदर इसमाला अजून ठरवता आलेलं नाही. मजा म्हणजे एवढं भीषण नाव असलेल्या ह्या पिक्चरमध्ये रक्त फारच थोडं दिसतं. दिसल्यासारखं वाटतं, ते आपल्या डोक्यात.

'फ्रायडे द थर्टीन्थ' (१९८०) त्याला त्या मानाने आवडत नाही. पण पटकथा तयार नसताना आधी जाहिरात छापून मोकळं होणाऱ्या निर्मात्याविषयी त्याला आदर आहे. शिवाय एक प्रश्न त्याला फार प्रिय आहे: पहिल्या भागातला खुनी कोण? शंभरातले नव्वद लोक हॉकीचा मुखवटा घातलेल्या जेसनचं नाव घेतात. खून करते त्याची आई. तो मुखवटा तर तिसऱ्या भागात, १९८२ साली आला. ह्या प्रश्नावर त्याने आजवर बरेच चहा जिंकलेत.

आपल्याकडे हे खातं रामसे बंधूंचं. कराचीत रेडिओचं दुकान चालवणारे त्यांचे वडील फतेहचंद रामसिंघानी फाळणीनंतर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आले आणि पुढे पिक्चर काढू लागले. १९७० साली 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' आपटला. पण मुलांनी थेटरात बसून लोकांकडे पाहिलं. पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा घालून चोरी करतात तेवढ्याच प्रसंगाला लोक हलत होते. मग बाकीचं सगळं टाकून तेवढंच करायचं ठरलं. सातही भाऊ कामाला: कुमार लिहिणार, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करणार, गंगू कॅमेरा धरणार, किरण आवाज सांभाळणार, अर्जुन संकलन करणार, केशू बाकीचं निस्तरणार. सिनेमाचं तंत्र त्यांनी काश्मीरला हाउसबोटीत मुक्काम करून, एका इंग्रजी पुस्तकावरून घोटलं होतं. १९७२ सालचा 'दो गज जमीन के नीचे' त्यांनी केला आपल्या महाबळेश्वरला. सगळं कुटुंब आणि नटमंडळी घाटावर नेली, विश्रामगृहात उतरवली, सुमारे चाळीस दिवसांत आणि साडेतीन लाखांच्या आसपास काम उरकलं. जेवणखाण घरच्या बायकांच्या हातचं. सदर इसमाच्या मते भारतीय भयपटाचा पाया हा असा, सकाळच्या पोह्यांवर घातला गेला.

पुढे 'पुराना मंदिर' (१९८४) तुफान चालला. त्यातला राक्षस सामरी झालेले अनिरुद्ध अगरवाल हे रुरकीचे स्थापत्य अभियंता. मुलाने इंजिनियरिंग सोडून भलतंच काही करायचं म्हटलं की घरोघरी रडारड होते, त्या वेळी सदर इसम हे उदाहरण देतो. अजून कुणाचं समाधान झालेलं नाही.

रामसेंची बहुतेक भुतंच. चाकूवाला माणूस तिथे क्वचित येतो. त्याची वाट खरं तर आधी 'गुमनाम'ने (१९६५) दाखवली होती: निर्जन जागी अडकलेली माणसं, एकामागून एक मुडदे, आणि दिग्दर्शक राजा नवाथे. सदर इसम हे मराठी नाव थोडा जोर देऊन उच्चारतो. 'महाकाल'मध्ये रामसेंनी 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'चा पोलादी नखांचा हातमोजा उचलला, आणि मध्येच जॉनी लिव्हरला मायकेल जॅक्सनच्या थाटात सोडलं. अमेरिकन माणूस हे बघून कपाळाला हात लावील. आपल्याला त्यात वावगं काही वाटत नाही. दशावतारातही राक्षस मारायच्या आधी संकासुराची फिरकी असतेच.

मराठीचं नाव निघालं की वाद पेटतो. महेश कोठारेंचा 'झपाटलेला' (१९९३) स्लॅशर धरायचा की नाही? मूळ कल्पना 'चाइल्ड्स प्ले'ची (१९८८), बाहुला रामदास पाध्येंचा, तात्या विंचू दिलीप प्रभावळकरांचा. मित्र म्हणतात, लक्ष्या आहे म्हणजे विनोदी. सदर इसम म्हणतो, नव्वदच्या दशकात ज्या मुलांनी तो पाहिला त्यांना विचारा, शोकेसमधली बाहुली रात्री उलटी करून ठेवत होतात की नाही. 'लपाछपी' (२०१७) त्याला फार आवडतो. विशाल फुरियाने माणसाहून उंच ऊस, एक घर आणि गरोदर पूजा सावंत एवढ्या भांडवलावर घाम फोडला, आणि नंतर स्वतःच त्याचा हिंदीत 'छोरी' केला. 'तुंबाड'बद्दल (२०१८) मात्र त्याचा जिल्ह्याचा अभिमान आणि तात्त्विक तक्रार एकत्र येतात. तुंबाड हे गाव आपल्या खेड तालुक्यातलं, पेंडशांच्या कादंबरीतल्या खोतांचं. पिक्चर उत्तमच. पण इतकी वर्षं खऱ्या पावसाची वाट बघत चित्रीकरण करायचं म्हणजे स्वस्तातला खून नव्हे, ती तपश्चर्या झाली.

आता मुद्द्याचं. सदर इसमाचा सिद्धान्त असा, की रत्नागिरीइतकी तयार जागा स्लॅशरला जगात मिळणार नाही. अकरा महिने कुलूप लावलेली कौलारू घरं. नेटवर्क आंब्याच्या एका ठरावीक फांदीखाली येतं, बाकी नाही. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि पहिल्या वाऱ्याला जाणारी वीज. ब्रह्मदेशाच्या थिबा राजासाठी १९१० साली बांधलेला राजवाडा शहरातच उभा आहे; तो राजा १९१६ साली इथेच वारला, आपला देश पुन्हा न बघता. हत्यारं विकत आणायला नकोत, कारण प्रत्येक पडवीत कोयती, कुऱ्हाड आणि गवत कापायचा विळा टांगलेला. रक्ताला कोकमाचं आगळ. 'सायको'त हिचकॉकने चॉकलेटचं सरबत वापरलं होतं, पण तो पिक्चर काळा-पांढरा. रंगीत पिक्चरला आगळाशिवाय पर्याय नाही, आणि उरलं तर सोलकढी होते. मुखवटाही आहे. शिमग्यात नमनातला संकासुर बघा: अंगभर काळा पोशाख, डोक्यावर उंच निमुळती टोपी, कमरेला घुंगरं. अंधारात नुसती घुंगरं वाजली तरी पोरं आईच्या मागे लपतात. कॅप्टन कर्कचा रबरी चेहरा त्याच्यापुढे पाणी भरेल.

इतकं असून पिक्चर होत नाही, कारण एक गोष्ट कमी पडते. परका माणूस.

कल्पना करा. संध्याकाळची एसटी फाट्यावर थांबते. मुखवटा घातलेला, धिप्पाड, मुका माणूस उतरतो. हातात कोयता. वडाच्या पारावर बसलेले आजोबा मान वर करतात.

"कोणाकडे आलात?"

तो बोलत नाही.

"कोणाचे तुम्ही? मुक्काम किती दिवस?"

तो पुढे चालू लागतो.

"अहो, तिकडून नका जाऊ, तिकडे बिबट्या दिसलाय कालच. आणि तोंडाला काय झालं? डॉक्टरला दाखवलंत का?"

तोवर घरातून कुणीतरी बाहेर येतं, त्याची चाल निरखतं आणि म्हणतं, "अरे, हा तर वरच्या वाडीतल्या ताईचा मधला. पाय तस्साच टाकतोय बघ." संपला पिक्चर. कुणाचा भाचा आहे हे कळलेल्या खुन्याला कोण घाबरतं? आत बोलावतात, चहा देतात. पुढे बागेत घुसला तरी हापूसच्या राखणीला असलेले नेपाळी गुरखे त्याला आंबेचोर समजून धरतील, ते वेगळंच.

मग खुनी घरातलाच हवा. हेतू? तो शोधायला लांब जायला नको, सातबारा आहे. पण तिथेही घोळ. सामाईक जमिनीवर चौदा नावं; त्यातलं एक कमी केलं की वारसनोंदीने तीन वाढतात. सदर इसमाने ह्यावर कथा बेतलीय. खुनी सहा मुडदे पाडतो आणि मध्यंतराला त्याच्या लक्षात येतं की आपला हिस्सा होता तेवढाच आहे, नावं मात्र जवळपास दुप्पट झालीत. दुसऱ्या भागात तो कोयता ठेवून फेरफाराच्या मागे लागतो. भीतीच्या दृष्टीने हा भाग जास्त परिणामकारक होईल, असं ज्यांनी तो प्रकार अनुभवलाय ते सांगतात.

परदेशात हे सगळं अजून जोरात चालू आहे. डेमियन लिओनीचा 'टेरिफायर २' (२०२२) अडीच लाख डॉलर्समध्ये झाला, तोही चाहत्यांच्या वर्गणीला धरून. वर्गणी काढून खून, ही कल्पना सार्वजनिक मंडळांच्या मुलखात सदर इसमाला लगेच पटली. तिसऱ्या भागाला वीसेक लाख डॉलर्स लागले आणि मिळकत नऊ कोटींच्या घरात गेली. पण त्यातली चिरफाड त्याला सोसत नाही. आर्ट नावाचा तो विदूषक शब्द न बोलता नुसता उभा राहतो तेव्हा अंगावर काटा येतो; कापायला लागला की सदर इसम पाणी प्यायला उठतो. भीती पायऱ्यांवर असते, खोलीत नाही, हे त्याचं मत कार्पेंटरपासून आजतागायत बदललेलं नाही.

तेव्हा रत्नागिरीतल्या ज्या मुलामुलींकडे मोबाइल आहे, मे महिन्यात उघडणारं आजोळचं घर आहे आणि चार हुकमी मित्र आहेत, त्यांना विनंती: करून टाका. कोयता आजीला विचारून घ्या आणि काम झालं की त्याच खुंटीला अडकवा. आगळ बिनमिठाचं वापरा, डोळ्यांत गेलं तर निदान मीठ तरी झोंबणार नाही. सदर इसम प्रेताचं काम फुकट करायला तयार आहे. फक्त पहिल्या अर्ध्या तासात मारा. शहराकडे परतणारी शेवटची एसटी लवकर असते.