किंगपिनचे माहात्म्य

नव्या गाडीचे सुटे भाग कोणालाही मिळतात. त्यात पुरुषार्थ तो काय? बंगळुरूच्या बसवनगुडीतल्या प्रीमियर पद्मिनीधारकांची साधना मात्र वंदनीय आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी निघायची थांबली, त्याला सुमारे दोन तपे झाली. आता स्टीअरिंग पाव फेरा फिरवले की मग कुठे चाकांना बातमी कळते. तेव्हा किंगपिन, टायरॉड एंड आणि सायलेंट बुश यांसाठी जे. सी. रोड पालथा घालायचा. दुकानदार माळ्यावरून खोके काढतो, फुंकर मारतो आणि ‘ओरिजिनल’ म्हणतो. धूळ निश्चितच ओरिजिनल असते.

ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. मुंबईकरांनी डोळे पुसले. इथल्या जाणकारांनी तिच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची चौकशी केली.

सुटा भाग मिळालाच नाही, तर यापुढची पायरी शास्त्रशुद्धच: एका किंगपिनसाठी अख्खी दुसरी पद्मिनी घ्यायची. आमच्या शेजारच्या रावसाहेबांनी घेतलीही. दुर्दैवाने ती ठणठणीत निघाली. रोज गांधी बाजारापर्यंत विनातक्रार जाऊन येते, त्यामुळे तिला खोलायला मेकॅनिक धजावेना. रावसाहेब सध्या तिसरीच्या शोधात आहेत. अट एकच, ती खात्रीशीर बंद पडलेली हवी.