डबल बेल

पावसाळ्यात पन्हाळ्यावर धुकं उतरलं की तीन दरवाजा कुठं आणि सज्जाकोठी कुठं, काही कळत नाही. झुणका-भाकरीच्या टपऱ्या तेवढ्या वासावरून सापडतात. कोल्हापूरहून तासाभरात गाठता येणारी, तीन हजार फुटांवरची अशी गार जागा म्हटल्यावर ऐपतदारांनी तिथं बंगले बांधणं ओघानंच आलं. मग बांधणारे वारले, मुलं पुण्या-मुंबईला गेली, वाटणीचा दावा कोर्टात गेला आणि कौलांनी शेवाळ धरलं. असा बंगला चार पावसाळे बंद राहिला की त्याला भूत लागतं. आणि भुतापाठोपाठ मामा लागतात.

हे मामा नात्यानं कुणाचेच मामा नसतात. एसटीत कंडक्टरकी करून निवृत्त झालेला, सुनेच्या राज्यात जीव रमेना म्हणून गडावर आलेला साठीचा गृहस्थ. डोक्याला कानटोपी, हातात बॅटरी, खिशात चंची. वॉचमन म्हटलेलं त्यांना खपत नाही. ‘‘मालकांचा शब्द मोडवंना म्हणून ऱ्हायलोय. न्हाईतर ह्या भुताटकीत कोण मरतंय?’’ हे वाक्य ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत ऐकवतात.

मामांना थोरल्या मालकांनी नेमलेलं असतं. त्यामुळं धाकट्या मालकांना लगेच शंका येते, की हा थोरल्याचा माणूस आपल्या खोलीतलं शिसवी कपाट एका रात्रीत पलीकडं सरकवील. मग धाकट्यांच्या वतीनं मावशी येतात. गडाखालच्या वाडीतल्या, नवऱ्यामागं दोन लेकींची लग्नं एकटीनं उरकलेल्या. त्यांनाही हौस नसतेच. ‘‘लेकीच्या बाळंतपणाचं कर्ज फिटूस्तवर,’’ असं त्या सांगतात. त्या लेकीचं पोर आता सातवीत असतं.

इंग्रजीत या मामल्याला मोठी परंपरा आहे. 1764 साली होरेस वॉलपोल यांनी ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ लिहून दुकान मांडलं, ते अजून चालू आहे. ओसाड वाडा, मनाविरुद्ध एकत्र आलेले दोन पालक, त्यांच्या गळ्यात पडलेलं एखादं अनाथ पोर, विजांचा कडकडाट आणि शेवटच्या प्रकरणात मिठी. 1847च्या ‘जेन एअर’मध्ये माळ्यावर मालकाची वेडी बायको कोंडलेली असते. पन्हाळ्यावर माळ्यात गणपतीचं जुनं मखर आणि वानरांचा संसार असतो, आणि अनाथ पोर म्हणजे खुद्द बंगलाच. त्याला दोन पालक, पण कौल फुटलं की कुणाच्या वाट्यातलं फुटलं यावर आधी पंचनामा. ॲन रॅडक्लिफबाई आपल्या कादंबऱ्यांतल्या बहुतेक भुतांचा शेवटी रीतसर उलगडा करून टाकत. मामांना हे आवडायचं नाही. उलगडा झाला तर पगार कशाचा?

भूत आहे, यावर दोघांचं एकमत असतं. कोण आहे, यावर वर्षानुवर्षं भांडण.

मामांच्या मते तो खवीस. सिद्दी जौहरच्या फौजेतला. 1660 साली सिद्दीनं गडाला वेढा घातला, चार महिने दाबून बसला, आणि जुलैच्या भर पावसात महाराज त्याच्या हातावर तुरी देऊन विशाळगडाकडं निसटले. तेव्हापासून एक शिपाई अजून शोधतोय. मामांनी त्याच्या नालांचा आवाज ऐकलाय.

मावशी चुलीतलं लाकूड पुढं सारत विचारतात, ‘‘त्येला गडावर शिराय गावंना म्हणून तर वेढा घातला हुता न्हवं? मग त्यो वर आलाच कसा?’’

‘‘जित्यापणी गावलं न्हाई म्हणून तर मेल्यावर आलाय!’’

या उत्तरावर मामा स्वतःच इतके खूश होतात, की आलेल्या-गेलेल्याला ते पुन्हा ऐकावं लागतं. मावशींचं म्हणणं साधं आहे. ती जखीण. मालकांची चुलत आजी, भरल्या कपाळानं गेलेली, हळदी-कुंकवाचा करंडा शोधत फिरते. नालांचा आवाज म्हणजे न्हाणीघरातला डुगडुगणारा पाट. खविसाला पाट कशाला लागेल? यावर मामा तंबाखू मळत बसतात. तंबाखू मळणं म्हणजे हार नव्हे, असं त्यांनी एकदा मला बजावलं होतं.

रात्री मात्र निराळा कारभार. मामा थोरल्या सोप्यात, मावशी धाकट्यांच्या स्वयंपाकघरात, मध्ये दीड हात जाडीची जांभ्याची भिंत. दहा वाजले की मामा बॅटरीच्या बुडानं भिंतीवर दोनदा ठोकतात. डबल बेल, म्हणजे सगळं ठीक, जाऊ द्या गाडी. पलीकडून उलथन्याचे दोन ठोके येतात आणि दिवे मालवले जातात. एकच ठोका आला तर ‘थांबा’. एका आषाढात तो एकच ठोका आला. मामा कानटोपीशिवाय धावले. मावशींना ताप होता. मामांनी काढा केला, आणि तो किती कडू झाला यावर पुढं आठवडाभर बोलणी खाल्ली. त्या आठवड्यात ते जेवणाच्या वेळेआधीच स्वयंपाकघराच्या पायरीवर येऊन बसत.

नावानं हाक मारायची सोय नाही. मामा म्हणावं तर नातं भलतीकडं जातं, मावशी म्हणावं तर त्याहून भलतीकडं. मावशी कुत्र्याला सांगतात, ‘‘जा, कुणाला तरी म्हणावं भाकरी गार व्हाय लागली.’’ कुत्रं जागचं हलत नाही. मामा येतात. धुक्याच्या रात्री मात्र मी ‘‘अवो’’ स्वच्छ ऐकलेलं आहे. ते ऐकून मामांनी आधी मागं वळून पाहिलं, खवीस तर नाही ना म्हणून.

जुलै 2025मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. मामांनी त्याच संध्याकाळी जाहीर केलं, ‘‘आता आपलं भूतबी जागतिक.’’ ‘‘जखिणीला कशाला पाहिजे जागतिक,’’ मावशी म्हणाल्या.

मग दोन्ही मालकांच्या संमतीनं (ही खरी भुताटकी) एक एजंट बंगला बघायला आला. अशा पाहुण्यांसाठी मामांकडं ठरलेला कार्यक्रम असतो: माळ्यावरून साखळी ओढायची, मावशींनी न्हाणीत पाट हलवायचा. आधीची दोन गिऱ्हाइकं चहा अर्धा टाकून गेलेली. हा मात्र खुलला. म्हणाला, ‘‘झकास! हल्ली लोक भुताच्या खोलीला जादा पैसे मोजतात. बंगला घेतोच. तुमची गरज नाही, आमचा स्टाफ असतो. फक्त भूत नक्की आहे ना?’’

साखळी थांबली. पाट थांबला. मामा जिन्यावरून उतरले, मावशी हात पुसत बाहेर आल्या. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि एकमुखानं सांगितलं, ‘‘न्हाई हो. गेलं ते.’’

‘‘कधी?’’

‘‘दोन वर्सं झाली की,’’ मावशी म्हणाल्या.

‘‘तीन,’’ मामा म्हणाले.

‘‘दोन! औंदाच्या जत्रंला दोन झाली.’’

‘‘जोतिबाच्या जत्रंचा काय संबंध? खवीस हुता त्यो.’’

‘‘जखीण!’’

एजंट आधी घड्याळाकडं बघत होता, मग गाडीकडं. त्याची गाडी चार दरवाजापर्यंत पोचली असेल, तरी दोन की तीन ते ठरलेलं नव्हतं.