फलक जमवा, पावती जपा

जुन्या लोकलचे गंतव्य फलक जमवण्याचा छंद सहसा चाळिशीनंतर जडतो. त्याआधी माणूस त्याच फलकाकडे बघत जिना उतरत असतो आणि अशा वेळी कलावस्तूची पारख होत नाही. पुढे कधीतरी कंपनी घरून काम करायला सांगते, पासाचं नूतनीकरण राहून जातं आणि मग एके दिवशी हा गृहस्थ हॉलच्या भिंतीकडे टक लावून बघत म्हणतो, ‘इथे काहीतरी हवं.’ घरच्यांनी याच टप्प्यावर सावध व्हावं.

नवशिक्याने आधी अक्षरओळख करून घ्यावी. मुंबईच्या लोकलच्या कपाळावर ठिकाणाचं अख्खं नाव घालायची पद्धत नव्हती, एकदोन रोमन अक्षरांत काम भागायचं. ‘बीओ’ म्हणजे बोरिवली, ‘के’ म्हणजे कल्याण, ‘टी’ म्हणजे ठाणे, इथवर सोपं आहे. पण मध्य रेल्वेवर ‘एन’ लावून येणारी गाडी कसाऱ्याला जाते आणि ‘एस’वाली कर्जतला. कल्याणच्या पुढे मार्ग फुटतो, एक फाटा ईशान्येला आणि दुसरा आग्नेयेला. त्या दिशांची इंग्रजी आद्याक्षरं गाडीच्या तोंडावर येऊन बसली. हे ठाऊक नसलेला माणूस नेरळला उतरायचं असताना आसनगाव बघून येतो. खरी मेख मात्र ‘सी’ची आहे. पश्चिम रेल्वेवर ‘सी’ म्हणजे चर्चगेट आणि मध्य रेल्वेवर कुर्ला. विक्रेता चर्चगेटचा भाव सांगून कुर्ला गळ्यात मारू शकतो, त्यामुळे फलक कोणत्या रेल्वेचा आहे हे विचारल्याशिवाय पाकिटाला हात घालू नये.

यानंतर काळ ठरवावा. विजेवरची पहिली लोकल 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून हार्बर मार्गाने कुर्ल्याला गेली. त्या काळची एखादी अस्सल वस्तू हाती लागलीच, तर आता तिला शंभरी पार झाली आहे. 1972 च्या कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू 100 वर्षांची झाली की पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. न्यू जर्सीतल्या भाच्याच्या दिवाणखान्यासाठी फलक शोधणाऱ्या मामांनी म्हणून 1930 नंतरचा माल बघावा. लोकल 1500 व्होल्टच्या डीसी विजेवर धावायची. पश्चिम रेल्वेवर डीसी 2012 साली संपली आणि 2016 च्या एप्रिलमध्ये हार्बरवरूनही गेली. फक्त डीसीवर चालणाऱ्या रेकना मग रुळांवर जागा उरली नाही. ‘माझ्याकडचा डीसीच्या काळातला आहे’ हे वाक्य संग्राहकांच्या बैठकीत हलक्या आवाजात टाकावं, परिणाम चांगला होतो.

आता मिळवायचं कसं? पेचकस घेऊन कारशेडच्या भिंतीवरून उडी मारण्याचा विचार तारुण्यसुलभ असला तरी सोडून द्यावा. रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा ताब्याविषयी 1966 चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यातली गंमत अशी, की वस्तू रीतसर मिळाली हे ज्याच्याकडे ती सापडली त्यानेच सिद्ध करायचं असतं. म्हणजे ज्या संग्रहात फलक पाच आणि पावत्या चार, त्या संग्राहकाची झोप त्या पाचव्याने खाल्ली म्हणून समजावं. जाणकार संग्राहक पावती लॅमिनेट करून फलकाच्या पाठीलाच चिकटवतो. पाहुणे फलक बघतात, पाठ बघायला कोणी आलंच तर ते पाहुणे नसतात.

रेल्वेचं भंगार लिलावात रीतसर विकलं जातं, पण ढिगाने आणि टनावर. एका फलकासाठी आठ टन लोखंड उचलायची तयारी आणि तेवढं ठेवायला सोसायटीच्या सेक्रेटरीची परवानगी, या दोन्ही गोष्टी असतील तर हा मार्ग उत्तम.

बाकीच्यांनी ग्रँट रोडला उतरून चोरबाजार गाठावा. इथे नजर पुढच्या बाजूला न लावता मागे लावावी. इनॅमलची जुनी पाटी म्हणजे लोखंडी पत्र्यावर भट्टीत वितळवून बसवलेली काच. वर्षानुवर्षं बोल्ट आवळले गेल्यामुळे भोकांभोवती ही काच टवके उडून निघते आणि गंज तिथून सुरू होऊन बाहेर पसरत जातो. गंज पाटीच्या मधोमध असेल आणि भोकं मात्र काल पाडल्यासारखी चकचकीत असतील, तर ती पाटी गेल्या महिन्यात जन्मली आहे. विक्रेता ‘ब्रिटिश जमान्यातली’ म्हणेल. त्याच पाटीवर ‘मुंबई सेंट्रल’ असं लिहिलेलं असेल, तर त्याला नम्रपणे सांगावं की ब्रिटिश जमान्यात ते स्टेशन बॉम्बे सेंट्रल होतं.

ज्यांना एवढा मनस्ताप झेपत नाही त्यांनी परदेशी माल घ्यावा. न्यूयॉर्कची परिवहन संस्था आपल्या भुयारी गाड्यांचं जुनं सामान स्वतःच विकते. लंडनच्या जुन्या गाड्यांत आणि बसमध्ये फलक म्हणजे काळ्या कापडाचा लांबलचक पट्टा असायचा. त्यावर एकाखाली एक पांढऱ्या अक्षरांत ठिकाणं छापलेली, दोन्ही टोकं रुळांवर गुंडाळलेली. दांडा फिरवला की हवं ते नाव काचेमागे येऊन थांबे. असा पट्टा पूर्ण उलगडून बघावा. रोजच्या वापरातली नावं विटून मळलेली दिसतात आणि जिथे गाडी क्वचित जायची ती नावं कोरी करकरीत. मात्र तो टांगायला दहा फुटी भिंतही पुरत नाही, म्हणून व्यापारी त्याचे तुकडे करून चौकटीत विकतात. वन बीएचकेवाल्यांच्या दृष्टीने व्यापाऱ्यांचा हा अपराध क्षम्य आहे.

मुंबईच्या संग्राहकाला असलेली एक सोय मात्र लंडनलाही नाही. इथे वस्तू जुनी व्हायला काळ लागत नाही, एक अधिसूचना पुरते. व्हिक्टोरिया टर्मिनसचं 1996 साली छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, 2017 साली त्यात ‘महाराज’ आलं. संगणकातला संकेतही सीएसटीएमचा सीएसएमटी झाला, म्हणजे शेवटच्या दोन अक्षरांनी फक्त जागा बदलल्या आणि आधीचे सगळे फलक एका रात्रीत दुर्मीळ झाले. प्रवासी अजून व्हीटीच म्हणतात, पण त्यांचं बोलणं चौकटीत लावता येत नाही. 2018 साली एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं तेव्हाही अनेकांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

दूरदृष्टीच्या गुंतवणूकदाराने त्यामुळे विधिमंडळाच्या कामकाजावर लक्ष ठेवावं. जुलै 2024 मध्ये सात स्थानकांची नावं बदलण्याचा ठराव तिथे मंजूर झाला. करी रोडचं लालबाग, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, चर्नी रोडचं गिरगाव, कॉटन ग्रीनचं काळाचौकी अशी ती यादी आहे. कर्मठ संग्राहक इथे नाक मुरडतील. करी रोडला लोकल थांबते, संपत नाही, तेव्हा ती पाटी स्थानकाची, गंतव्य फलक नव्हेच, असं त्यांचं म्हणणं. शास्त्रार्थ म्हणून ते बरोबर आहे. पण हेच कर्मठ लोक हल्ली करी रोडच्या फलाटावर टेप घेऊन पाटीची लांबी-रुंदी मोजताना दिसतात आणि आरपीएफचा जवान जवळ आला की दादर स्लो किती वाजता आहे ते विचारतात.