टी झाली नाही, पण जेवण झालंय

ती. बाबा आणि आई,


आई, आधी तुझा जीव भांड्यात पाडते. नातवंडं उपाशी नाहीत. आर्या फोनवर म्हणाली, "अजून टी नाही झाली, खूप भूक लागलीय." तेवढ्यावरून तू आत्याला फोन केलास, आत्याने पुण्याला, आणि सकाळी मला दादाचा मेसेज : 'पैशांची काही अडचण आहे का? मोकळेपणाने सांग.' अगं, इथे यॉर्कशरमध्ये संध्याकाळच्या जेवणालाच टी म्हणतात. दुपारचं ते डिनर; शाळेत ते वाढणाऱ्या बायका म्हणजे डिनर लेडीज. काल आमच्या टीला वरणभात, बटाट्याच्या काचऱ्या आणि परवाच्या पार्सलातलं मेतकूट होतं. चहा मी एकटीने घेतला, तोही गार झालेला.

बाबा, तुम्ही एव्हाना वीरकरांची डिक्शनरी काढली असणार. ती ठेवा परत कपाटात. शब्द अडला की मागचं-पुढचं वाक्य वाचा, असं तुम्हीच वर्गात ओरडायचात. ईशान नेमकं तेच करतो, आणि छडी न खाता. शेजारचे आजोबा सांगत होते, मी जन्मभर 'नाइन व्हाइल फाइव्ह' राबलो. सुहास गोंधळला, नऊ चालू असताना पाच कसे वाजतील? ईशान म्हणाला, "फाइव्हपर्यंत रे बाबा. मग ते घरी जायचे ना!" इकडचे जुने लोक 'व्हाइल' हा शब्द 'पर्यंत' म्हणून वापरतात. त्यावर एक कहाणीही आहे. रेल्वे फाटकावर पाटी लावली, 'व्हाइल' दिवे लुकलुकतात, थांबा. यॉर्कशरचा माणूस दिवे लुकलुकेपर्यंत शहाण्यासारखा थांबला, आणि लुकलुकायला लागल्यावर निघाला! खरीखोटी देव जाणे. जो तो ती आपल्याच गावच्या फाटकाची म्हणून सांगतो. आणि याला गावठी म्हणू नका हं, तुमच्या मॅकबेथमध्येही हा शब्द या अर्थाने आलाय.

थांबा, कुकर बंद करून आले.

तर आता गणपतीचं. यंदा तो सप्टेंबरच्या मध्यावर, म्हणजे इथल्या शाळा उघडून जेमतेम दोन आठवडे. मी मुलांच्या रजेचा अर्ज केला. बाईंचं उत्तर इतकं गोड, की पहिला परिच्छेद वाचून मी बॅगाच काढणार होते. किती सुंदर सण, आजी-आजोबांना भेटायची ओढ आम्ही समजू शकतो, मोदकांचे फोटो वर्गात जरूर दाखवा. पुढच्या ओळीत 'हाउएव्हर'. त्याच्यापुढे असं, की रजा फक्त 'एक्सेप्शनल' कारणासाठी मिळते. डिक्शनरीत याचा अर्थ असाधारण. पण दरवर्षी येणारा गणपती असाधारण कसा, असं त्यांचं म्हणणं. आला नाही तर असाधारण म्हणायचं का?

धर्मपालन म्हणून सणाचा एक दिवस मिळू शकतो. एका दिवसात वाईला येऊन, मोदक खाऊन परत जायला पुष्पक विमान लागेल. शाळेचे पाच दिवस विनापरवानगी बुडाले, की दंडाची टांगती तलवार : 80 पौंड. आई, ऐक नीट, दर पालकामागे आणि दर मुलामागे! म्हणजे आमच्या चौघांच्या घराला 320. एकवीस दिवसांत भरले नाहीत तर दुप्पट. बाबा, रुपयांत करू नका, रात्री झोप लागणार नाही. तुमच्या शाळेत 'घरगुती कारणास्तव' एवढ्यावर सुगी, जत्रा, मामाचं लग्न, सगळं निभावून जायचं. वर तुम्हीच विचारायचात, जेवण काय होतं?

आत्याला सांगा, शैलाच्या स्थळाकडून 'कळवतो' आलं ना, मग कळवलंच त्यांनी. फोनपाशी बसू नकोस म्हणावं. मुलगा जर्मनीला होता म्हणे. बरं झालं, नाहीतर तिलाही अशी पत्रं लिहावी लागली असती. आणि मधल्या वाड्याच्या वाटणीवर नानाकाका अजून 'बघू'च म्हणतात? आमच्या मुख्याध्यापिका आणि ते एकाच शाळेत शिकले असावेत. वहिनीच्या गुडघ्याचं मात्र कुणी नीट सांगत नाही. 'बरं आहे' म्हणता तेव्हाच मला काळजी वाटते.

गेल्या वर्षी दादाने फोन समईला टेकवून ठेवला होता. आम्हाला अख्ख्या आरतीभर पंखा दिसला, आणि काकांचा चढा सूर टाळ्यांच्या मागून येत होता. ईशान पंख्याला हात जोडून उभा. प्रसाद कुठून येतो, विचारत होता. मी सिंककडे तोंड करून घासलेलीच भांडी परत घासली. सुहास काही बोलला नाही, नळ तेवढा बारीक केला. पाण्याचं बिलही इथे भारी असतं.

तेव्हा दादाला सांगा, यंदा फोन पाटासमोर, उभा धरून. आणि आरती साडेआठला ठेवा. इथे तेव्हा दुपारचे चार, मुलं शाळेतून आलेली असतात. तो 'बघू' म्हणाला, तर फोन वहिनीकडे द्या.

तुमची,
मंजू