कोथिंबीर निर्देशांक

पुण्यातल्या मंगल कार्यालयात जेवणं उरकली, की खुर्च्यांचं कोंडाळं जमतं आणि अमेरिकेतल्या शहरांचा निकाल लावायला घेतला जातो. ‘आमचा डॅलसला असतो, घरं काय ऐसपैस!’ ‘आमची शिकागोला. थंडीचं विचारूच नका.’ ‘हवा म्हणाल तर सॅन फ्रान्सिस्को, बाकी सब झूट.’ चर्चा रंगते. गोची एवढीच, की यातलं कुणाचंच लेकरू त्या शहरात राहत नाही. डॅलसवाला राहतो फ्रिस्कोत, शिकागोवाली नेपरविलला, सॅन फ्रान्सिस्कोवाले फ्रीमाँटला. न्यूयॉर्कवाल्यांनी तर राज्यच बदललंय, ते न्यू जर्सीतल्या एडिसनला असतात. बोस्टन म्हणजे श्रूजबरी, ॲटलांटा म्हणजे अल्फारेटा, सिएटल म्हणजे तलावापलीकडचं सॅमामिश. मूळ शहरात जायचं ते भारतातून पाहुणे आले की, फोटोपुरतं.

म्हणजे तुलना चालते ती एकाच साच्यातून काढलेल्या उपनगरांची. दोन गाड्यांचं गॅरेज, मागे डेक, शाळेला दहापैकी नऊ गुण, कॉस्टको बारा मिनिटांवर. रात्रीतून कुणी फ्रिस्कोतलं घर उचलून अल्फारेटात नेऊन ठेवलं, तर मालकाला पत्ता लागेल तो थेट प्रॉपर्टी टॅक्सचं बिल आल्यावर.

मासिकं आणि सल्लागार कंपन्याही दरवर्षी राहण्यालायक शहरांच्या याद्या काढतात. हवामान, दवाखाने, शाळा, करमणूक, प्रत्येकाला गुण, गुणांची बेरीज, वर दशांश चिन्ह. नाव वर आलं की महापौर खूश, घरांचे दलाल त्याहून खूश. मी या याद्यांना पर्याय सुचवतो. साठी ओलांडलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या, गाडीचं लायसन्स नसलेल्या माणसाने, कुणालाही ‘जरा सोडतोस का रे’ न म्हणता, पायी किंवा बसने जाऊन कोथिंबिरीची एक जुडी घरी आणायची. आली तर शहर पास. नाहीतर ती नुसती वसाहत.

सहा महिन्यांच्या मुक्कामाला गेलेल्या आईबाबांना ही कसोटी समजावून सांगावी लागणार नाही. फ्रिस्कोतल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिवसभरात एकच बस दिसते, शाळेची पिवळी. दुकान नकाशावर दीड मैल. मधे सहापदरी रस्ता, त्याला एकाच बाजूने फुटपाथ, तोही कुणाच्या तरी कुंपणाशी येऊन संपलेला. चालणारा माणूस दिसला की गाडीवाले वेग कमी करून बघतात, याला काही झालं तर नाही ना. मग बाबा शनिवारची वाट बघतात. शनिवारी मुलगा गाडी काढतो आणि आठ जुड्या एकदम येतात, त्यातल्या पाच फ्रिजमध्ये काळ्या पडतात. परसात लावावी, तर टेक्सासच्या उन्हात पानं धरायच्या आत फुलोऱ्यावर येते. पुढच्या अंगणात लावावी, तर घरमालक संघटनेचं पत्र येतं, की तिथे हिरवळ सोडून काही उगवता कामा नये.

हे पाप कुणाचं? युक्लिडचं. शाळेत प्रमेयांनी छळणारा तोच. त्याचं नाव लावलेलं एक गाव ओहायोत, क्लीव्हलंडला खेटून आहे. या गावाने राहायची घरं एकीकडे, दुकानं दुसरीकडे, असे पट्टे आखले. यालाच झोनिंग म्हणतात. जमीन अडकलेली कंपनी कोर्टात गेली आणि १९२६ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने कौल दिला. तेव्हापासून घरांच्या वस्तीत दुकान नको, हा देशाचा शिष्टाचार झाला. त्या निकालपत्रात घरांच्या वस्तीत घुसणाऱ्या अपार्टमेंटला चक्क बांडगूळ ठरवलंय. अपार्टमेंटमध्येच लहानाची मोठी होऊन तिकडे गेलेल्या आपल्या पोरांनी ते फारच मनाला लावून घेतलेलं दिसतं.

आता निकाल.

न्यूयॉर्क पास, अगदी सहज. जॅक्सन हाइट्सला ७ नंबरच्या गाडीतून उतरायचं, जिना उतरून ७४व्या रस्त्याला लागायचं, कोथिंबीर हजर. कढीपत्तासुद्धा. १९०४ साली सुरू झालेली तिथली सबवे आज रात्रंदिवस धावते. पण जिना हा शब्द पुन्हा वाचा. ४७२ स्टेशनांपैकी लिफ्टची सोय जेमतेम तिसऱ्या हिश्श्याला. गुडघ्यांचे गुण इथे कापले जातात आणि उरलेले घरभाडं कापून घेतं. वार्षिक उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या चाळीसपट हवं, असा तिथल्या घरमालकांचा पाढा आहे. चार हजार डॉलरच्या फ्लॅटसाठी एक लाख साठ हजारांची कमाई दाखवा, मग किल्ली. एवढं करून मिळतो तो लिफ्ट नसलेल्या इमारतीतला चौथा मजला, आणि फ्रिजचं दार उघडलं की ओव्हनचं उघडत नाही असं स्वयंपाकघर. बघायला मात्र या शहरासारखं शहर नाही. तिथे राहणारेही ते पाहुण्यांसारखंच बघतात, कारण घरात बसायला जागा नसते.

माझं मत शिकागोला. तिथल्या डेव्हन अॅव्हेन्यूवर १९७४ साली पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान निघालं. आज अमेरिकेतल्या देशी किराण्याच्या सगळ्यात मोठ्या साखळ्यांपैकी ती एक. म्हणजे आपल्या मापाने हे कोथिंबिरीचं मूळपीठच. रस्त्यावर बस आहे, दुकानाच्या वर राहायची घरं आहेत, शेजारी मिठाईवाला आहे. एवढी सोय बघून आपल्या लोकांनी काय करावं? पैसा आला तसे ते नेपरविलला गेले. मग दुकानालाही त्यांच्या मागे जाऊन तिथे शाखा काढावी लागली.

थंडीचं म्हणाल, तर आहे. ३० जानेवारी २०१९ ला पारा उणे ३० अंशांवर गेला होता आणि लोकल गाड्यांचे सांधे गोठू नयेत म्हणून रुळांशी जाळ पेटवले होते. पण या थंडीने शहराला माणुसकी शिकवलीय, म्हणजे भांडायची रीत शिकवलीय. रस्त्यावरचं बर्फ फावड्याने उपसून ज्याने गाडीपुरती जागा केली, ती जागा त्याची. गाडी काढून कामावर जाताना तिथे मोडकी खुर्ची ठेवायची, इस्त्रीचं टेबल ठेवायचं, काहींनी तर दिवाणखान्यातला दिवा आणून ठेवलाय. कायद्यात याला आधार नाही. पण खुर्ची बाजूला सारून गाडी लावणाऱ्याच्या काचेला काय होतं, ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक असतं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणाऱ्याला हे शहर परकं वाटायचं काही कारण नाही.

त्याच रस्त्यावरच्या पार्किंग मीटरांची गोष्ट तर आपल्या कुठल्याही महापालिकेने फ्रेम करून लावावी. २००८ साली महापौर रिचर्ड डेली यांनी शहरातले मीटर एका खासगी कंपनीला पंचाहत्तर वर्षांच्या कराराने देऊन टाकले, सुमारे ११५ कोटी डॉलरला. नगरसेवकांनी कागद वाचायला लागतात त्याहून कमी दिवसांत मंजुरी दिली. पुढे शहराच्याच महानिरीक्षकाने हिशेब मांडला, की हा सौदा साधारण शंभर कोटींनी स्वस्तात गेला. आता जत्रेसाठी एखादा रस्ता बंद ठेवला, तर बुडालेल्या मीटरच्या उत्पन्नाची भरपाई शहर त्या कंपनीला देतं. स्वतःच्या रस्त्यावर जत्रा भरवायची, आणि भाडं स्वतःच मोजायचं. तरीही मत शिकागोला, कारण तिथे मीटरशी ज्याचं काही देणंघेणं नाही असा माणूसही जगू शकतो.

ह्यूस्टनला युक्लिडचं निमित्त सांगता येणार नाही. तिथल्या मतदारांनी झोनिंग तीनदा फेटाळलंय. घराशेजारी दुकान काढायला आडकाठी नाही, म्हणजे कोथिंबीर दारात यायला हवी होती. पण झोनिंग नसलं तरी पार्किंगचे नियम होते. दुकान काढा, पण त्यापुढे इतक्या गाड्यांचं मैदान सोडा. त्यामुळे एका दुकानातून शेजारच्या दुकानात जायचं तर टळटळीत उन्हात डांबराचं वाळवंट ओलांडावं लागतं. केटी फ्रीवे हा तिथला इंटरस्टेट १० चा तुकडा २००८ साली २८० कोटी डॉलर खर्चून रुंद केला, कडेचे रस्ते धरले तर काही ठिकाणी सव्वीस पदर. तरीही २०११ ते २०१४ या काळात संध्याकाळी त्या रस्त्याने घरी परतायचा वेळ निम्म्याहून अधिक वाढला. पदर वाढले तशी लांब लांब घरं झाली, घरं झाली तशा गाड्या वाढल्या. लॉस एंजेलिसने ४०५ फ्रीवेवर शंभर कोटींहून जास्त खर्च करून २०१४ साली हीच अक्कल पुन्हा विकत घेतली. लॉस एंजेलिसचं वाईट वाटतं ते वेगळ्या कारणाने: मेक्सिकन वस्तीमुळे तिथे कोथिंबीर मुबलक, स्वस्त, ताजी. टाकोच्या गाडीवर तर मूठभर वरून टाकतात. फक्त तिच्यापर्यंत पोचायला गाडी लागते.

सॅन फ्रान्सिस्को पास, चढांबद्दल चार गुण कापून. राहायचं परवडत नाही हे सगळेच सांगतात. महापालिकेलाही परवडत नाही हे कमी जण सांगतात. २०२२ साली नोई व्हॅली नावाच्या पेठेत एक सार्वजनिक शौचालय बांधायचा अंदाज निघाला १७ लाख डॉलर. एक शौचालय, एक भांडं. बोभाटा झाला, एका कंपनीने तयार खोली फुकट देऊ केली, आणि २०२४ साली ते उघडलं तेव्हा लोक उद्घाटनाला जमले.

सिएटलच्या पावसाचं कौतुक कोकणातल्या माणसासमोर करू नये. वर्षाला साधारण १००० मिलिमीटर, न्यूयॉर्कपेक्षाही कमी. फक्त तो महिनोन् महिने गळत राहतो आणि लोक छत्री न घेता त्यात हिंडतात. छत्री उघडलीत की तुम्ही पाहुणे.

फिनिक्स नापास होता होता वाचलं. २०२३ साली तिथे सलग एकतीस दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला. चालत कोथिंबीर आणायला गेलेला माणूसच फोडणीला पडायचा. पण २०२० पासून तिथे ड्रायव्हर नसलेल्या टॅक्सी लोकांसाठी सुरू आहेत. लायसन्स नसलेले काका आणि ड्रायव्हर नसलेली गाडी, असा योग इथे जुळला.

बोस्टन पास, पण १ सप्टेंबरला जाऊ नये. विद्यार्थ्यांचे भाडेकरार त्याच दिवशी बदलतात, अर्ध शहर गाद्या डोक्यावर घेऊन रस्त्यात असतं. वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियनची संग्रहालयं फुकट आहेत, एवढं सांगितलं की पुणेकराला पुढचं ऐकायची गरज नसते.

उपनगराला शहर म्हणायची खोड आपल्याच लोकांना आहे असं मात्र समजू नका. २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी फिफाने यजमान शहरं निवडली, त्यातलं ‘बोस्टन’ म्हणजे फॉक्सबरो नावाचं गाव. अंतिम सामन्याचं मैदान न्यू जर्सीत; तिथे निदान न्यूयॉर्कच्या शेपटाला न्यू जर्सीचं नाव बांधलंय. आणि सगळ्यात जास्त, म्हणजे नऊ सामने मिळाले ते ‘डॅलस’ला. मैदान आहे आर्लिंग्टनमध्ये. आर्लिंग्टनची वस्ती चार लाखांच्या घरात, आणि ठरलेल्या मार्गाने ठरलेल्या वेळी धावणारी गावाची बससेवाच नाही. मतदारांपुढे प्रश्न एकाहून जास्त वेळा ठेवला गेला आणि दर वेळी त्यांनी नको म्हणून सांगितलं. अगदीच गरज लागली तर फोनवरून व्हॅन बोलावता येते. उपान्त्य सामन्याचं तिकीट काढलेल्या बाबांनी शनिवार आहे का तेवढं आधी बघून घ्यावं.